हरिबाची चंची

गोपाळकृष्णाच्या हातात घड्याळ आलं आणि विष्णुपंतांच्या नांगर-कारखान्यातल्या माणसांना चालायची चोरी झाली.

लालासाहेब भट्टी सोडून दहा पावलं गेला, की मागून गोपाळकृष्ण निघालाच. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात वही आणि ओठांतल्या ओठांत आकडे. लालासाहेब थांबला की हाही थांबायचा, तो वळला की हाही वळायचा. पहिल्या दिवशी लालासाहेबाला वाटलं, साहेबांवर कुणीतरी करणी केली असावी. दुसऱ्या दिवशी खात्री करून घ्यायला त्यानं शेडभोवती उगाचच दोन फेऱ्या मारल्या. गोपाळकृष्णानंही मारल्या आणि वहीत लिहून ठेवल्या.

"आवं सायेब, आमी काय पळून चाललोय व्हय?" लालासाहेब शेवटी वैतागला.

"बोलू नका हो, आकडा चुकतो माझा."

कानस चालवणारा नाथाजी दोन वर्षं मिसर देशात लढाईवर जाऊन आलेला. त्याला जगातल्या कुठल्याच गोष्टीचं नवल वाटत नसे. "आमच्या पलटनीत बी असाच एक कप्तान हुता," तो म्हणाला. "दिसभर पावलं मोजायचा."

"मंग रं?"

"मंग काय? लढाई सपली, पर त्येचं मोजनं सपलं न्हाई."

गोपाळकृष्ण मूळचा वाईचा. लढाईच्या धामधुमीत पुण्याच्या एका सरकारी कारखान्यात त्याचं तीन महिने शिक्षण झालं होतं. तिथल्या गोऱ्या साहेबानं त्याला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली अशी, की कामगाराचं वाया गेलेलं पाऊल म्हणजे वाया गेलेला माल. दुसरी अशी, की काही बिघडलं तर माणसावर ओरडू नये, 'का' म्हणून विचारावं. उत्तर आलं की पुन्हा 'का', असं करत मुळापर्यंत जावं. पहिली गोष्ट सोपी होती, म्हणून ती त्याला ताबडतोब पटली. लढाई संपल्यावर तासगावच्या अलीकडे माळावर असलेल्या या कारखान्यात तो देखरेखीला आला, तो पावलं मोजतच.

घरीही त्यानं हात आखडता घेतला नव्हता. शरयू, त्याची बायको, लांबच्या विहिरीवरून पाणी आणायची. गोपाळकृष्णानं शेजारच्या मळेवाल्याशी बोलून जवळच्या विहिरीची परवानगी काढली आणि खेपेला दोनशे दहा पावलं वाचवून दिली. शरयू तिथून पाणी आणू लागली. फक्त त्या दिवसापासून आमटीतल्या मिठाचा नेम राहिला नाही.

कारखान्यात माणसं तेरा. त्यांतला सगळ्यांत म्हातारा हरिबा. शेडच्या पार शेवटी, तयार नांगर जिथून बाहेर पडे त्या दाराशी त्याची जागा. नांगराला फाळ बसवायचा आणि दोन बाजूंचे दोन नट आवळायचे, हे त्याचं काम. बाजूला खुंटीवर त्याची चंची टांगलेली. काळ्या कापडाची, चार कप्प्यांची, तेलकट. एका कप्प्यात तंबाखू, एकात चुन्याची डबी. कारखान्यातल्या बाकीच्या बारा माणसांना तलफ आली की ती काम टाकून हरिबाकडे जायची. चिमूटभर तंबाखू घ्यायची, चुना लावून मळायची, थोडं घुटमळायची आणि परत यायची.

महिनाभर मोजून गोपाळकृष्णानं एक मोठा तक्ता तयार केला आणि तो सांगलीहून आलेल्या विष्णुपंतांसमोर पसरला.

"माणसं बारा. दिवसाला चार खेपा. जायला अडतीस पावलं, यायला अडतीस. दिवसाची झाली तीन हजार सहाशे अठ्ठेचाळीस. महिन्याचे झाले पंचेचाळीस मैल."

"पंचेचाळीस?" विष्णुपंतांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे माझा कारखाना दर महिन्याला चालत सांगलीला जातो, गणपतीचं दर्शन घेऊन परत येतो आणि वर तासगावच्या गणपतीलाही नमस्कार करून येतो म्हणा की!"

"आणि पुण्य हरिबाला," गोपाळकृष्ण म्हणाला. त्याला आपला विनोद आवडला.

पुढच्या सोमवारी बारा माणसांना बारा पत्र्याच्या डब्या मिळाल्या. आत तंबाखू, चुना, सगळं जागेवर. हरिबाची चंची खुंटीवरून उतरली.

"म्हंजे समद्यास्नी आपापल्या जागेवर?" हरिबानं विचारलं.

"हो. कुणी हलायचं कारण नाही."

"मंग हितं कुनीच येनार न्हाई?"

"कशाला येतील?"

हरिबानं चंचीची घडी घातली, मांडीखाली ठेवली आणि पाना उचलला.

पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन नांगर जास्त निघाले. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत साठ नांगर द्यायचे होते. सुगी उरकलेली, नांगरट तोंडावर आलेली, शेतकरी गाड्या जुंपून दाराशी यायला लागले होते. विष्णुपंतांनी गोपाळकृष्णाची पाठ थोपटली. तो दोन दिवस सरळ पाठीनं चालला.

तिसऱ्या दिवशी कुंडलच्या अंबूबाई आल्या. पोरं दोन्ही पलटणीत, त्यामुळे शेत त्या स्वतः बघायच्या. गाडीत उलटा घातलेला नांगर, हातात सुटा फाळ आणि आवाज असा, की भट्टीचा भाता बंद न करताही सगळ्यांना ऐकू आला.

"मालक कोन हाय हितला?"

"मी... म्हणजे मालक सांगलीला असतात. काय झालं?"

"काय झालं? आवं, बैलं म्होरं ग्येली, नांगर बैलांमागं ग्येला, आन् फाळ बसला मातीत! बांधापतुर गेल्याव मी मागं वळून बगतीया, तर रान जसंच्या तसं! सासूबाई म्हनत्यात, नांगरून आलीस का फिरायला ग्येली हुतीस?"

गोपाळकृष्णानं फाळ बघितला, नांगर बघितला. डाव्या बाजूचा नट नव्हताच. तो घाईघाईनं म्हणाला, "चुकून झालं असेल बाई. लगेच बसवून देतो."

"चुकून एकदा व्हतंय. माज्या मागनं आनी दोन गाड्या येत्यात, कुंडलच्याच."

त्या आल्या. दुसऱ्या दिवशी आणखी तीन आल्या.

आता कारखान्यात एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. पावलं कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागली. नाथाजी दिवसातून चारदा हरिबाची तब्येत विचारायला जाऊ लागला. लालासाहेब तेलाची बुधली घेऊन निघे आणि तेल घालण्यासारखं काहीही नसलेल्या त्या कोपऱ्यात जाऊन उभा राही. ज्याला कधी देवाची आठवण झाली नव्हती, तो हरिबाला एकादशी कधी आहे ते विचारायला जाई. गोपाळकृष्णानं मोजलं: दिवसाला चार हजार दोनशे. डोक्याला हात लावून त्यानं फक्कीची बादली मागवली आणि हरिबाच्या जागेपासून दहा पावलांवर शेडमध्ये आडवी पांढरी रेघ मारली.

"ही रेघ कुणीही ओलांडायची नाही."

"सरहद्द," नाथाजी म्हणाला. "समजलं."

माणसं रेघेपर्यंत येऊन थांबू लागली, आणि तिथून ओरडू लागली.

"हरिबाऽऽ! तुजा डावा बैल लय ढिला चालतूय गाऽऽ!"

"व्हय व्हय," हरिबा तिकडून म्हणे, आणि हातातल्या पान्याला एक हिसका देई.

"आता उजवा ढिला पडला गाऽऽ!"

हरिबाच्या बैलांची एवढी काळजी वाहणारी माणसं बघून गोपाळकृष्णाला गहिवरून आलं. संध्याकाळी जाता जाता त्यानं आपलेपणानं चौकशी केली, "हरिबा, बैल कसे आहेत आता?"

"बैल?" हरिबा म्हणाला. "माजं बैल जाऊन नऊ वर्सं झाली, सायेब."

गोपाळकृष्ण 'बरं' म्हणून निघून गेला. त्या गोंगाटात दोन नांगरांचे नट बसत आणि तिसऱ्याचा राहून जाई, कारण रेघेपलीकडून सगळ्यांनाच सगळं दिसत नव्हतं. गाड्या परत येतच होत्या.

बुधवारी सांगलीहून विष्णुपंतांची चिठ्ठी आली. शनिवारी येतो. ज्याच्या हातून हे घडतं आहे त्याचं नाव तयार ठेवा. त्याला त्याच दिवशी घरी पाठवायचं आहे. नाव सापडलं नाही तर दुसरं एक नाव माझ्याकडे तयार आहे. ते दुसरं नाव कुणाचं, हे गोपाळकृष्णाला चिठ्ठी न उलटताही कळलं.

तेव्हा कुठे त्याला गोऱ्या साहेबाची दुसरी गोष्ट आठवली. त्यानं सगळ्यांना गोळा केलं.

"ओरडत नाही कुणावर. फक्त 'का' विचारतो. फाळ का निसटला?"

"नट ढिला हुता," लालासाहेब म्हणाला.

"नट ढिला का होता?"

"आवळला न्हाई म्हनून."

"का आवळला नाही?"

"ऱ्हायला."

"का राहिला?"

लालासाहेबानं नाथाजीकडे बघितलं, नाथाजीनं छपराकडे बघितलं. रेघेपलीकडे हरिबा खाली मान घालून फाळावरून हात फिरवत होता.

"ध्यानातनं ग्येलं आसंल कुनाच्या तरी."

"का गेलं ध्यानातून?"

"आता काय सांगावं सायेब. देवाची मर्जी."

पाच वेळा 'का' विचारून गोपाळकृष्ण थेट देवापर्यंत पोचला होता, आणि देवाला काही शनिवारी घरी पाठवता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी आमटी खारट होती. गोपाळकृष्ण मुकाट्यानं जेवला, मग त्याला राहवेना. त्यानं शरयूला सगळं सांगितलं: डब्या, रेघ, बैल, देवाची मर्जी.

शरयूनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "तुमच्या त्या जवळच्या विहिरीवर कोण असतं, ठाऊक आहे?"

"कोण?"

"एक बेडूक."

"त्याचा इथे काय संबंध?"

"लांबच्या विहिरीवर रंगूबाई असायच्या. मी इथे नवी आले तेव्हा माणूस म्हणून ओळखीचं कुणी नव्हतं. घागर डोक्यावर चढवायला त्या हात लावायच्या, आणि हात लावता लावता माझ्या तोंडाकडे बघायच्या. 'पोरी, आज जेवली न्हाईस व्हय?' असं त्यांनी विचारलं नसतं, तर पहिल्या महिन्यातच मी वाईला परत गेले असते. तुम्ही पावलं मोजलीत. त्यांतली पाण्याला जाणारी किती आणि रंगूबाईंकडे जाणारी किती, हे तुमच्या घड्याळाला कसं कळणार?"

गोपाळकृष्णाला फार वाईट वाटलं. तीन महिने ती आमटीतून सांगत होती आणि आपण पाणी पिऊन गप्प बसत होतो. "उद्यापासून तू लांबच्याच विहिरीवर जा," तो म्हणाला.

"कालपासून जातेच आहे," शरयू म्हणाली आणि त्याच्या पानात दह्याची कवडी वाढली.

दह्यानं आमटी जरा सुसह्य झाली आणि त्याच्या मनात सहावा 'का' उभा राहिला. ही बारा माणसं हरिबाकडे का जात होती?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाभळीखाली भाकरी सोडून बसले. गोपाळकृष्ण एकटाच शेडमध्ये गेला आणि आपणच मारलेली रेघ ओलांडली.

"या सायेब," हरिबा मान वर न करता म्हणाला. "आज दमानं पाय टाकताय. मोजत न्हाईसा वाटतं."

"जेवला नाहीत?"

"ह्यो एवडा करतू आन् जातू."

बोल्टाचं तोंड भोकात जात नव्हतं. हरिबा बोटांच्या टोकांनी भोक शोधत होता, बोल्ट बाजूला घासत होता, पुन्हा शोधत होता. गोपाळकृष्णानं घाईघाईनं हात पुढे केला. "किती वाजले बघा बरं हरिबा, सुट्टी संपत आली का?"

हरिबानं त्याच्या हाताकडे नीट निरखून बघितलं. "बारा वाजून ग्येलं की," तो म्हणाला.

गोपाळकृष्णानं खाली बघितलं. गडबडीत घड्याळ खिशातच राहिलं होतं. त्यानं पुढे केली होती ती वही होती.

त्याला रडूच कोसळलं असतं, पण रडायला सवड नव्हती. नाव सापडलं होतं. शनिवार परवावर आला होता. सव्वीस वर्षं या दारातून बाहेर पडलेल्या प्रत्येक नांगराला हात लावलेला माणूस समोर बसून बोल्टाचं भोक शोधत होता, आणि तो घरी गेला की गोपाळकृष्णाची नोकरी राहणार होती.

शनिवारी विष्णुपंत आले. टांग्यातून उतरताच त्यांना परत आलेले नांगर दाराशी रांगेत मांडलेले दिसले आणि त्यांचा चष्मा आपोआपच कपाळावर चढला. सगळी माणसं गोळा झाली.

"सापडलं का नाव, गोपाळराव?"

"सापडलं."

लालासाहेब एक पाऊल पुढे आला. "मालक, नट मीच इसरलो."

"त्यो न्हाई, मी," नाथाजी म्हणाला. "लढाईत डोस्क्याला मार बसलाय माज्या. कवा कवा कायच आठवत न्हाई."

"तुमी दोगं बी गप ऱ्हावा," हरिबा उठत म्हणाला.

"थांबा," गोपाळकृष्ण म्हणाला. "नाव गोपाळकृष्ण. दोष माझा आहे, विष्णुपंत. ही माणसं तंबाखूला यायची, तंबाखू मळता मळता समोरच्या नांगराकडे बघायची, आणि नट ढिला असला तर गुपचूप आवळून जायची. दिवसातून अठ्ठेचाळीस वेळा इथे माल तपासला जात होता. मी ती तपासणी डब्यांत भरली आणि ज्याच्या त्याच्या जागेवर वाटून टाकली. वर रेघ मारली. पंचेचाळीस मैलांतलं एकही पाऊल वाया जात नव्हतं. वाया गेला तो माझा तक्ता."

सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले, चोरी पकडली गेल्यासारखे. विष्णुपंतांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ते हरिबाकडे चालत गेले.

"डोळे गेले होय रे हरिबा?"

"पडदा आलाय, मालक. ऊन लय असलं तर थोडं दिसतंय."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी घरी बसीवलं असतं. घरात ह्या हातांस्नी काय काम देऊ?"

हरिबाच्या हातचा पहिला नांगर विष्णुपंतांच्या वडिलांनी सांगलीच्या पेठेत मिरवत नेला होता, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. "आखिती झाली की मिरजेला डॉक्टरला डोळे दाखवायचे," ते म्हणाले. "मी स्वतः घेऊन जाणार. तोवर जागा हीच. आणि गोपाळराव—"

"हो."

"ती रेघ पुसा आधी."

रेघ पुसायला बारा माणसं धावली. फक्कीचा एवढा धुरळा उडाला, की विष्णुपंतांना शिंकत शिंकतच टांग्यात बसावं लागलं.

आखितीच्या आदल्या संध्याकाळी साठावा नांगर हरिबापुढं आला. चंची पुन्हा खुंटीवर लटकत होती. दिवसभर माणसं येऊन, मळून, घुटमळून गेली होती. आता शेड रिकामी झाली होती. गोपाळकृष्णानं खुंटीवरची चंची काढली, दोन्ही हातांनी हरिबापुढं धरली.

"हरिबा, साठ झाले. आजची शेवटची चिमूट तुमची."

हरिबा हसला. "मी खात न्हाई, सायेब."

"आज तरी घ्या."

"आवं, कवाच खाल्ली न्हाई. वास बी सोसत न्हाई मला."

गोपाळकृष्णानं हातातल्या चंचीकडे बघितलं. "मग ही चंची?"

"धा वर्सं झाली की तिला. डोळ्यांम्होरं धुकं याया लागलं तवा तासगावच्या बाजारातनं आनली." हरिबानं पाना मांडीवर ठेवला. "म्हनलं, बोलवायचं कसं कुनाला? माज्या कामावर नजर टाका म्हनून कसं सांगायचं? आन् मानूस बिनकामाचा येत न्हाई. तंबाखूला मातूर न चुकता येतूय."

"म्हणजे ते नट आवळतात, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"मला दिसत न्हाई, पर ऐकू येतंय की. पान्याचा आवाज मला कळंना व्हय?" हरिबानं आवाज खाली आणला. "पर त्यास्नी सांगू नगासा. धा वर्सं त्यास्नी वाटतंय, तंबाखूचं निमित्त त्येंनीच काडलंय. त्यो त्यांचा आनंद हाय. मोडू नगासा."

पुण्याच्या साहेबानं हे शिकवलं नव्हतं. गोपाळकृष्णानं चंचीतली चिमूट तळहातावर घेतली, चुना लावला, बघून बघून शिकल्यासारखी मळली आणि आयुष्यात पहिल्यांदा तंबाखू तोंडात टाकली. लगेच त्याला असा ठसका लागला, की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हरिबा घाबरून त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

"थुका, थुका आदी!"

तो दारापर्यंत गेला, थुंकला, तोंड धुतलं आणि डोळे पुसत परत आला. पुसता पुसता त्याची नजर साठाव्या नांगरावर गेली. उजवीकडचा नट अर्धा आटा बाहेर होता.

एक खोटा ठसका काढून गोपाळकृष्णानं पान्याचा आवाज झाकला, नट आवळला आणि पाना होता तिथे ठेवला.

हरिबा मान खाली घालून हसत होता.